गोधडीचा वेळ कोणत्या रकान्यात?

नोकरी, मुलांची शाळा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचे पथ्यपाणी सांभाळून गोधडीला किंवा साध्या शिवणकामाला वेळ कसा काढायचा, हा प्रश्न आज पुष्कळ घरांत विचारला जातो. तो विचारताना पूर्वीच्या बायकांकडे वेळ मुबलक होता, असे मनात धरलेले असते, आणि ते बरोबर नाही. जिने पहाटे दळण दळले, विहिरीवरून पाणी आणले आणि दिवस शेतात काढला, तिच्याकडे सलग मोकळा वेळ नव्हताच. तिच्याकडे वेळेचे तुकडे होते, आणि गोधडी हे त्या तुकड्यांत बसणारे काम होते. धावदोरा कुठेही थांबवता येतो आणि पुन्हा तिथूनच उचलता येतो. शिवाय तो उचलणारा हात दुसऱ्या कोणाचा असला तरी चालते. जुने लुगडे अंथरून, त्यावर धडप्यांचे आणि फाटक्या सदऱ्यांचे थर लावून, कडांना दगड ठेवून एकदा टाके मारून घेतले की सासू, जावा, शेजारणी चारी बाजूंनी बसत आणि बाहेरच्या कडेकडून मध्याकडे सरकत. सुगी आटोपल्यानंतर आणि पेरणीच्या आधी नव्या गोधड्या होत; दसऱ्याच्या आधी जुन्या गोधड्या नदीवर धुऊन आल्या की त्यांची ठिगळे लागत. घरात बाळंतपण असेल तर दुपटी आणि कुंची यांचे काम त्यात मिसळे.

या वेळेवर हक्क कोणाचा, हा वाद नवा नाही. १८८० च्या दशकात पुण्यात मुलींचे हायस्कूल सुरू झाल्यावर शाळेचे तास कमी करावेत, म्हणजे मुलींना घरकाम करता येईल, अशी मागणी वृत्तपत्रांतून हिरिरीने मांडली गेली. १९३० च्या दशकात देशात शिवणयंत्रे तयार होऊ लागली आणि स्वातंत्र्यानंतरच्या काळात पायाने चालवायचे यंत्र मध्यमवर्गीय घरात आले. यंत्राने टाक्यांचा वेग वाढवला हे खरे. पण यंत्राला एक ठरलेली जागा, एकच माणूस आणि किमान तासभराचा सलग वेळ लागतो, याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. चार बायकांचे काम एकटीचे झाले. वेळ वाचला, पण जो लागू लागला तो जास्त दुर्मीळ प्रकारचा होता.

कापड बदलले ते याहून अधिक निर्णायक ठरले. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. १९८५ च्या नव्या वस्त्रधोरणाने कृत्रिम धाग्याला मोकळीक दिली. या दोन्हींच्या आगेमागे घरातले रोजचे सुती नऊवार मागे पडून सहावारी सिंथेटिक साडी आली. ही साडी लवकर फाटत नाही, धुतल्यावर चटकन वाळते आणि रोजच्या धावपळीत सोयीची पडते, म्हणून बायकांनी ती स्वीकारली, यात नवल नाही. मात्र ती घाम टिपत नाही, थरांत घातली तर सरकते, आणि वर्षानुवर्षे धुऊन सुती लुगड्याला येतो तो मऊपणा तिला येत नाही. म्हणजे गोधडीचा कच्चा माल घरात आपोआप तयार होणे थांबले. शहरी सदनिकेत आठ हात कापड अंथरून ते चार दिवस तसेच ठेवायला जागा नव्हती, ही अडचण वेगळीच. पूर्वी कापडही उरलेले होते आणि वेळही उरलेला होता. आता दोन्ही मुद्दाम मिळवावे लागतात. आजच्या ओढाताणीचे मूळ मला बायकांच्या आळसात किंवा हौस संपण्यात दिसत नाही, ते इथे दिसते.

एवढे सांगून थांबता आले असते. पण या कामाला वेळ का मिळत नाही, हे समजून घ्यायचे तर हा वेळ सरकारी नोंदीत कुठे जातो ते पाहावे लागते, आणि तिथला गुंता मोठा आहे. रोजगाराच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत प्रत्येक व्यक्तीला एक संकेतांक मिळतो. ९२ म्हणजे केवळ घरकाम करणारी व्यक्ती. ९३ म्हणजे घरकामाबरोबरच घरच्या वापरासाठी भाजी, कंदमुळे, सरपण, वैरण फुकट गोळा करणारी, तसेच शिवणकाम, विणकाम वगैरे करणारी व्यक्ती. शिवणकामाचे नाव इथे स्पष्टपणे घेतलेले आहे. १९७७-७८ च्या फेरीपासून घरकामात असलेल्या बायकांना या कामांबद्दल पाठपुराव्याचे प्रश्नही विचारले गेले. म्हणजे हे काम कोणाला दिसलेच नाही असे म्हणता येत नाही. ते दिसले, त्याला क्रमांक मिळाला, आणि तरीही ९२ आणि ९३ हे दोन्ही संकेतांक श्रमशक्तीच्या, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या लोकांच्या गणतीच्या, बाहेर ठेवण्यात आले. २०१७ पासून सुरू असलेल्या नव्या नियतकालिक पाहणीतही हे दोन संकेतांक चालू राहिले.

या निर्णयाच्या बाजूने मांडला जाणारा युक्तिवाद असा, की घरापुरते केलेले प्रत्येक काम रोजगारात धरले तर बेरोजगारीच्या आकड्याला अर्थ उरणार नाही. यात तथ्य आहे. परंतु १९९३ साली सुधारलेल्या राष्ट्रीय लेख्यांच्या, म्हणजे देशाच्या उत्पन्नाच्या हिशेबाच्या, आंतरराष्ट्रीय नियमावलीने घरच्या वापरासाठी कापड विणणे आणि कपडे शिवणे हे उत्पादनाच्या हद्दीत घेतले होते; स्वयंपाक, झाडलोट, मुलांचा सांभाळ ही कामे मात्र बाहेर राहिली. २०१३ मध्ये श्रमसांख्यिकीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने आणखी एक भेद केला: स्वतःच्या घरासाठी केलेले उत्पादन हे ‘काम’ आहे, पण ‘रोजगार’ नाही. म्हणजे झबले शिवणारी आजी एका नियमाने उत्पादक, दुसऱ्या नियमाने काम करणारी पण रोजगाराविना, आणि आपल्या पाहणीत श्रमशक्तीबाहेरची. या तिन्ही व्याख्या एकाच वेळी लागू आहेत.

गोधडीने हा गुंता अधिकच वाढवला आहे, कारण ती जुन्यातून होते. वेळेच्या वापराच्या पाहणीत वापरल्या जाणाऱ्या वर्गीकरणात घरासाठी नवे कपडे वा कापडी वस्तू तयार करणे एका विभागात पडते, फाटलेले सांधणे घरगुती सेवांच्या विभागात, आणि आवड म्हणून केलेली कला फावल्या वेळाच्या विभागात. आता आईच्या दोन विटक्या लुगड्यांतून नवी गोधडी शिवली, तर ती नवी वस्तू मानायची की दुरुस्ती? तिच्यावर हौसेने रंगीत चौकोन बसवले तर? सुई तीच, दोरा तोच, बाई तीच. रकाना मात्र तीनपैकी कोणताही येऊ शकतो. माझ्या मते ती निःसंशय नवी वस्तू आहे, कारण लुगडे नेसायचे होते आणि गोधडी पांघरायची आहे.

देशात वेळेच्या वापराची पहिली मोठी प्रायोगिक पाहणी १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत झाली, त्यांत महाराष्ट्र नव्हता. देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये झाली. पहाटे ४ पासून दुसऱ्या दिवशी पहाटे ४ पर्यंतचा दिवस अर्ध्या अर्ध्या तासांच्या खणांत विभागून, एका खणात अनेक कामे झाली असतील तर किमान १० मिनिटे चाललेल्या कामांची नोंद घेण्यात आली. गोधडीच्या दृष्टीने हीच अट जाचक आहे. कुकरची शिट्टी होईपर्यंत घातलेले दोन पदर टाके, मुलाचा पाढा ऐकता ऐकता लावलेली काजे-बटणे, बाळ झोपल्यावर सात-आठ मिनिटे हाती घेतलेली कड, हे सगळे त्या अटीखाली राहून जाते. हे काम मुळात अशाच तुकड्यांत होत आले आहे, त्यामुळे मोजणीतून नेमके तेच निसटते.

जे मोजले गेले तेही बोलके आहे. घरासाठी विनामोबदला घरगुती कामे करणाऱ्या स्त्रिया २०१९ मध्ये त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या, आणि ती कामे करणारे पुरुष ९७. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ आले. स्त्रियांची दहा मिनिटे कमी झाली, पण पुरुषांचीही नऊ कमी झाली. त्यामुळे दोघांमधले अंतर जवळपास तसेच राहिले. बाईने सलग एक तास शिवणाला बसायचे ठरवले, तर तो तास बहुधा तिच्या झोपेतून किंवा विश्रांतीतून येतो, एवढे या आकड्यांवरून समजते.

दुसरीकडे शिवणकामाची ओढ कमी झालेली दिसत नाही. २०११-१२ च्या रोजगार पाहणीत घरकामात असलेल्या बायकांपैकी ग्रामीण भागात सुमारे ३४ टक्के आणि शहरी भागात सुमारे २८ टक्के बायकांनी घरबसल्या काम मिळाले तर करू असे सांगितले, आणि कोणते काम, या प्रश्नावर दोन्हीकडे सर्वाधिक पसंती शिवणकामाला होती. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पारंपरिक कारागिरांच्या केंद्रीय योजनेतील १८ व्यवसायांत शिंप्याचा व्यवसाय आहे आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांची तरतूदही आहे. मात्र ती व्यवसाय म्हणून शिवणाऱ्यांसाठी आहे, घरापुरते शिवणाऱ्या बाईसाठी नाही.

बाजारात मात्र हाताने शिवलेल्या गोधडीला अलीकडे चांगले गिऱ्हाईक आहे. मजुरीवर गोधडी शिवून देणाऱ्या बायका पूर्वीही होत्या. आता त्यांच्याकडे जुन्या साड्या देऊन गोधडी करून घेणाऱ्यांत नोकरदार बायका बऱ्याच आहेत. त्या गोधडीवरची मेहनत नोंदीत रोजगार म्हणून धरली जाते, कारण तिचे पैसे मोजले गेलेले असतात. त्याच साड्यांची गोधडी त्या नोकरदार बाईने रविवारी स्वतः शिवली असती, तर ती रोजगारात धरली गेली नसती; त्या वेळेची नोंद कोणत्या विभागात झाली असती, हे पाहणी करणाऱ्याने तिला प्रश्न कसा विचारला यावर ठरले असते.