मर्फी अहवाल (डब्लिन, 2009)

आयर्लंडमधील डब्लिन महाधर्मप्रांतात कॅथलिक धर्मगुरूंविरुद्ध आलेल्या बाल लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी चर्चने आणि सरकारी यंत्रणांनी कशा हाताळल्या, याची चौकशी करणाऱ्या शासकीय आयोगाचा अहवाल. न्यायाधीश इव्हॉन मर्फी या आयोगाच्या अध्यक्ष होत्या, त्यावरून हे नाव पडले. 26 नोव्हेंबर 2009 रोजी तो प्रसिद्ध झाला. चौकशीचा काळ 1 जानेवारी 1975 ते 30 एप्रिल 2004 असा ठरवून दिला होता. आयोगाला मात्र त्याच्या कितीतरी मागे जावे लागले. महाधर्मप्रांत म्हणजे आर्चबिशपच्या अधिकाराखालचा प्रदेश. त्यातल्या एकेका चर्चच्या हद्दीला वसईकडचे मराठी ख्रिस्ती ‘धर्मग्राम’ म्हणतात, तोच शब्द इथे वापरला आहे.

अमुक धर्मगुरूने अत्याचार केला की नाही, याचा निवाडा करणे आयोगाचे काम नव्हते. तक्रार कानावर आल्यानंतर वरिष्ठांनी काय केले, हे त्याला शोधायचे होते. असे अहवाल वाचताना लक्ष गुन्हेगारावर खिळून राहते आणि त्याला आसरा देणारी खुर्ची नजरेतून सुटते. मर्फी आयोगाने आपली नजर त्या खुर्चीवर ठेवली, म्हणून या अहवालाचे मोल मोठे आहे.

ही चौकशी चर्चने आपणहून मागितलेली नव्हती. ऑक्टोबर 2002 मध्ये ‘आरटीई’ या आयरिश दूरचित्रवाणीने डब्लिनमधील प्रकरणांवर कार्यक्रम दाखवला, लोक खवळले आणि मार्च 2006 मध्ये आयोग नेमला गेला. त्याआधी ऑक्टोबर 2005 मध्ये आयर्लंडमधल्याच फर्न्स धर्मप्रांतातल्या अशाच तक्रारींवरचा अहवाल आला होता. चर्चच्या संस्थांमधून चालणाऱ्या औद्योगिक शाळांमध्ये, म्हणजे गरीब आणि निराधार मुलांना ठेवण्याच्या निवासी शाळांमध्ये, मुलांचे काय हाल झाले, ते सांगणारा रायन अहवाल मे 2009 मध्ये, म्हणजे मर्फी अहवालाच्या सहाच महिने आधी बाहेर पडला.

डब्लिनच्या 183 धर्मगुरूंबद्दलची माहिती आयोगापुढे आली. त्यातले 102 जण चौकशीच्या कक्षेत बसले आणि नमुना म्हणून 46 जणांची प्रकरणे खोलात तपासली गेली. एवढ्या 46 जणांविरुद्धच 320 हून अधिक मुलांच्या तक्रारी होत्या. एकाने शंभरावर मुलांवर अत्याचार केल्याची कबुली दिली. निदान 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत महाधर्मप्रांताला काळजी होती ती गुप्तता राखण्याची, बोभाटा टाळण्याची, चर्चची अब्रू आणि मालमत्ता सांभाळण्याची. मुलांचे हित आणि पीडितांना न्याय या गोष्टी त्यापुढे गौण ठरल्या, असा निष्कर्ष आयोगाने काढला.

चर्चच्या अधिकाऱ्यांचा बचाव असा होता, की त्या काळी या विकृतीची कोणालाच नीट समज नव्हती, आम्ही हळूहळू शिकत होतो. आयोगाने तो फेटाळला आणि त्यासाठी पुरावा काढला तो विम्याचा. बाल लैंगिक अत्याचाराच्या दाव्यांमुळे भरपाई द्यावी लागली तर सोय असावी म्हणून महाधर्मप्रांताने 1987 मध्ये विमा उतरवला होता. तोपर्यंत मॅक्वेड, रायन (रायन अहवालाचे नाव यांच्यावरून नाही) आणि मॅकनमारा या लागोपाठच्या तीन आर्चबिशपांकडे मिळून किमान 17 धर्मगुरूंविरुद्धच्या तक्रारींची माहिती जमा झाली होती. जोखीम ओळखल्याशिवाय कोणी हप्ता भरत नाही. तिजोरी सांभाळायला जी समज पुरेशी होती, ती मुलांना सांभाळायला वापरली गेली नाही.

याहून जुने उदाहरण 1960 चे आहे. डब्लिनच्या एका रुग्णालयात नेमलेल्या धर्मगुरूने काढलेली लहान मुलींची छायाचित्रे धुण्यासाठी इंग्लंडला गेली. तिथल्या कंपनीने ती पोलिसांकडे दिली. स्कॉटलंड यार्डने आयर्लंडच्या पोलीस आयुक्तांना कळवले आणि आयुक्तांनी काय करावे, तर आर्चबिशप जॉन चार्ल्स मॅक्वेड यांना भेटून प्रकरण त्यांच्याच हाती सोपवले. मॅक्वेड यांनी त्या धर्मगुरूचे स्पष्टीकरण मान्य केले. त्याच धर्मगुरूने त्याच वर्षी रुग्णालयात मेरी कॉलिन्स या 13 वर्षांच्या मुलीवर अत्याचार केला. 1985 मध्ये तिने आपल्या धर्मग्रामातल्या धर्मगुरूला हे सांगितले, तेव्हा त्याने नाव ऐकून घेण्याचेच टाळले आणि चूक कदाचित तिचीही असेल असे सुचवले. गुन्हेगाराला शिक्षा झाली ती 1997 मध्ये. पोलीस आयुक्तांनी 1960 साली आपले साधे काम केले असते, तर मधली सदतीस वर्षे वाया गेली नसती.

वरिष्ठ पोलीस अधिकारी धर्मगुरूंना आपल्या अखत्यारीबाहेरचे समजत, असे अहवाल म्हणतो. त्यामुळे तक्रार पुन्हा चर्चच्याच दारात जाई आणि तिथे ठरलेला उपाय असे: बदली. धर्मगुरूला उपचाराला धाडायचे, मग नव्या धर्मग्रामात नेमायचे आणि तिथल्या आईबापांना अवाक्षर कळू द्यायचे नाही. काही वेळा तर उपचार करणाऱ्यांनाही पूर्ण इतिहास सांगितला जात नसे. टोनी वॉल्श याच्याविरुद्धची पहिली तक्रार 1978 मध्ये त्याच्या गुरुदीक्षेनंतर दोनच दिवसांनी आली. 1993 मध्ये डब्लिनच्या चर्च न्यायालयाने त्याला पदावरून काढण्याचा निर्णय दिला, त्यावर त्याने रोमकडे, म्हणजे व्हॅटिकनकडे अपील केले, आणि रोमने ती शिक्षा बदलून दहा वर्षे मठात ठेवण्याची केली. 1996 उजाडले तेव्हा कुठे त्याचे धर्मगुरूपद गेले. फौजदारी खटला चालू असल्यामुळे अहवालातले त्याचे प्रकरण आधी झाकून ठेवले होते. डिसेंबर 2010 मध्ये न्यायालयाने त्याला शिक्षा ठोठावल्यावर ते प्रसिद्ध झाले.

‘मेंटल रिझर्व्हेशन’ ही अहवालातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट आहे, कारण ती थेट धर्मशिकवणीतून आलेली आहे. खोटे बोलणे पाप आहे. पण वाक्याचा अर्धा भाग मनात ठेवून ऐकणाऱ्याचा गैरसमज होऊ दिला तर ते खोटे ठरत नाही, अशी ही पळवाट. अहवाल एक काल्पनिक प्रसंग सांगतो: तक्रार घेऊन आलेल्या माणसाने दारात विचारले, मुख्य धर्मगुरू आहेत का? सहायकाने उत्तर दिले, नाहीत. आणि ‘तुझ्यासाठी’ हा शब्द मनात ठेवला. मराठी वाचकाला इथे ‘नरो वा कुंजरो वा’ आठवल्याशिवाय राहणार नाही. पण युधिष्ठिराचा तो अर्धा उच्चार रणांगणावर, शस्त्रधारी द्रोणांपुढे झाला होता आणि तरीही त्याचा रथ जमिनीला टेकला, असे महाभारत सांगते. डब्लिनमध्ये समोर उभे होते ते लहानपणी चिरडले गेलेले लोक.

अँड्र्यू मॅडन यांच्या बाबतीत हेच घडले. त्यांच्यावर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूला भरपाई देता यावी म्हणून महाधर्मप्रांताने 1993 मध्ये कर्ज दिले होते. तरी 1995 मध्ये आर्चबिशप डेस्मंड कॉनेल यांनी पत्रकारांना सांगितले, की अशा कामासाठी धर्मप्रांताचा पैसा वापरला जात नाही. पुढे मॅडन यांच्याशी बोलताना त्यांनी खुलासा केला, की आपण ‘वापरला जात नाही’ म्हणालो, ‘वापरला गेला नव्हता’ असे म्हणालो नव्हतो. मेरी कॉलिन्स यांनाही तसाच अनुभव आला. पोलिसांना सहकार्य केले असे पत्रक महाधर्मप्रांताने काढले; कॉलिन्स यांनी हरकत घेतल्यावर, ‘पूर्ण’ सहकार्य केले असे आम्ही म्हटलेच नाही, हे उत्तर त्यांच्यापर्यंत पोहोचले. क्रियापदाच्या काळात आणि गाळलेल्या विशेषणात जबाबदारी लपवणारी माणसे अडाणी नव्हती. कॉनेल तर तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते.

आयोगाला कागदपत्रे मिळाली ती 2004 मध्ये आलेल्या आर्चबिशप डर्मिड मार्टिन यांच्यामुळे. त्यांनी हजारो कागद खुले केले. त्यांतले काही आयोगाच्या हाती पडू नयेत म्हणून कॉनेल, तोवर कार्डिनल (पोपखालोखालचे पद) होऊन निवृत्त झालेले, 2008 च्या सुरुवातीला उच्च न्यायालयात गेले. टीका झाल्यावर त्यांनी अर्ज मागे घेतला. आयोगाने 2006 मध्ये रोमलाही पत्र लिहून माहिती मागितली होती. रोमने आयोगाला उत्तर दिले नाही. पत्र राजनैतिक मार्गाने आले नाही, एवढे आयरिश सरकारला कळवले. 2007 मध्ये पोपच्या डब्लिनमधील राजदूताला लिहिलेल्या पत्राचीही तीच गत झाली. आपल्याला म्हणणे मांडायची पुरेशी संधी मिळाली नाही, असा आक्षेप पुढे काही धर्मगुरूंनी घेतला. तो ऐकून घ्यायला हवा. पण विम्याचे कागद आणि अनुत्तरित पत्रे त्याने खोटी ठरत नाहीत.

अहवालानंतर बिशप डोनल मरे आणि जिम मॉरिआर्टी यांचे राजीनामे स्वीकारले गेले. आणखी दोन सहायक बिशपांनी 2009 च्या नाताळच्या आदल्या रात्री देऊ केलेले राजीनामे पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी नाकारले. मार्च 2010 मध्ये पोपने आयर्लंडच्या कॅथलिकांना माफीचे पत्र लिहिले. जुलै 2011 मध्ये क्लॉइन धर्मप्रांतावरचा अहवाल आला, त्यात 1996 नंतरच्याही तक्रारी दडपल्याचे दिसले आणि पंतप्रधान एंडा केनी यांनी संसदेत व्हॅटिकनवर उघड टीका केली. कॅथलिक आयर्लंडमध्ये हे पूर्वी कोणाच्या स्वप्नातही आले नसते. मुलांवरील गुन्ह्याची माहिती दडवणे 2012 च्या कायद्याने तिथे गुन्हा ठरले. भारतातला पॉक्सो कायदाही 2012 चाच. त्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणे सर्वांवर बंधनकारक आहे आणि न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम 21 खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. संस्था धर्माची असली तरी सूट नाही.

बालसंरक्षणासाठी पोप फ्रान्सिस यांनी नेमलेल्या आयोगावर 2014 मध्ये मेरी कॉलिन्स यांची नियुक्ती झाली. मार्च 2017 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पीडितांकडून आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर द्यावे, एवढी साधी शिफारस व्हॅटिकनच्या एका खात्याने मानली नव्हती.