तू काप, मी उचलते

भावंडांची भांडणं मोठ्या माणसांना कटकट वाटतात. पण ती कान देऊन ऐकली तर बहुतेक एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात: वाटणी बरोबर झाली का? एसटीतली खिडकी, टीव्हीचा रिमोट, तव्यावरून उतरलेली पहिली पुरणपोळी, साताऱ्याहून कुणीतरी आणलेल्या खोक्यातला शेवटचा कंदी पेढा. मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. गेली पाऊणशे वर्षं जगातले नामांकित गणिती त्याच्या मागे लागलेले आहेत, आणि त्यांच्या हाती लागलेल्या कितीतरी युक्त्यांची सुरुवात घरातली पोरं आपापली करून मोकळी झालेली असतात.

मे महिन्यात सांगलीला बहिणीकडे सगळी चुलत-मावस भावंडं जमली की दुपारी कोकम सरबत होतं. पेले काही एकसारखे नसतात. दोन स्टीलचे, एक काचेचा उंच, एक बुटका नि रुंद. पाच वर्षांचा धाकटा भाचा टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकवतो, एक डोळा मिटून पातळ्या बघतो आणि उंच पेल्यावर हात ठेवतो. त्याची दहा वर्षांची ताई त्याच्यासमोर बुटक्या पेल्यातलं सरबत उंच पेल्यात ओतून दाखवते. सांडलं नाही, वाढलं नाही, हे तो स्वतः बघतो. तरी म्हणतो, "आता जास्त झालं." परत बुटक्यात ओतलं की "आता कमी."

हा हट्ट नाही. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी विसाव्या शतकात नेमका हाच प्रयोग मुलांवर केला होता. साधारण सात वर्षांपर्यंतचं मूल पेल्याची उंची बघतं. उंची वाढली तेवढी रुंदी कमी झाली, हा हिशेब त्याच्या डोक्यात अजून बसलेला नसतो. ताईला पियाजे माहीत नाहीत, पण ती आईला सांगते, "दे त्याला उंचच." तिच्या हिशेबाने दोघांना सारखं मिळालं, त्याच्या हिशेबाने त्याला जास्त मिळालं. तक्रार कुणाचीच नाही. वाटणीचं सगळं शास्त्र या एका दुपारीत आहे, असं मी म्हणेन. तराजू एकच सांगतो, पण वाट्याचं मोल प्रत्येक भावंड आपल्या डोळ्यांनी ठरवतं.

आणि आपल्याला कमी आलं, हे त्या डोळ्यांना फार लवकर कळतं. सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल यांचा 2003 सालचा माकडांवरचा प्रयोग प्रसिद्ध आहे. शेजारशेजारच्या दोन कॅपुचिन माकडिणींनी एक खडा परत दिला की बक्षीस म्हणून काकडीचा तुकडा मिळायचा. दोघींना काकडी, तोवर सगळं सुरळीत. मग एकीला काकडीऐवजी द्राक्ष द्यायला सुरुवात केली. आपल्या तासगाव-मिरज पट्ट्यातल्या माणसाला पुढचं सांगायला नको. दुसरीने काकडी घ्यायचंच नाकारलं, कधी चक्क बाहेर फेकून दिली. तिला शेजारणीचा राग आला की समोर दिसणाऱ्या द्राक्षाचा मोह पडला, यावर संशोधकांत नंतर बराच वाद झाला. पण ताटातली काकडी तीच असून नकोशी झाली, एवढं खरं.

माणसाच्या मुलांवरचा असाच एक मोठा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. भारतासह सात देशांतल्या 4 ते 15 वर्षांच्या मुलांना समोरासमोर बसवलं. मध्ये गोळ्या ठेवलेलं एक यंत्र. एका मुलाच्या हातात निर्णय: ही वाटणी मान्य, की दोघांनाही काहीच नको? मला एक आणि समोरच्याला चार, असं असेल तर सातही देशांतली मुलं कधी ना कधी "मग कुणालाच नको" म्हणायला लागली. कुठे लहान वयात, कुठे जरा उशिरा. उलट बाजू मात्र वेगळी निघाली. मला चार आणि त्याला एक, हेही अन्यायाचं म्हणून नाकारणारी मुलं फक्त कॅनडा, अमेरिका आणि युगांडा या तीन देशांत दिसली, तीही वयाने मोठी झालेली. स्वतःवरचा अन्याय आधी कळतो, दुसऱ्यावरचा शिकावा लागतो.

आता उपायांकडे. दोघांसाठीचा उपाय प्रत्येक घरात ठाऊक आहे: एकाने कापायचं, दुसऱ्याने आधी उचलायचं. पुरणपोळी ताटात असते, ताई सुरी टेकवते, उचलते, बोटभर सरकवून परत टेकवते. एका बाजूला पुरण जाड आहे, दुसरीकडे कडा जरा करपलीय, हे सगळं तिला आता मोजायला लागतं, कारण चुकली तर मोठा तुकडा जाणार. म्हणून ती तिच्या दृष्टीने अगदी अर्धे दोन वाटे करते. उचलणाऱ्याला त्यातला जो बरा वाटेल तो मिळतो. पंच नको, तराजू नको, एकमेकांवर विश्वाससुद्धा नको.

ही युक्ती ग्रीक पुराणकथेत आहे: प्रोमिथियस बैलाचे दोन वाटे करतो आणि झ्यूस त्यातला एक निवडतो. आणि ती 1982 च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्यातही आहे. खोल समुद्राच्या तळाशी खनिजं काढायची असतील तर अर्जदाराने सारख्या मोलाच्या दोन जागा दाखवायच्या. त्यातली एक आंतरराष्ट्रीय प्राधिकरण राखून ठेवतं आणि दुसरी अर्जदाराला मिळते. पोळीचा नियम समुद्राच्या तळापर्यंत गेला, याचं मला आजही नवल वाटतं.

यात एक बारकावा आहे. कापणाऱ्याला त्याच्या हिशेबाने बरोबर अर्धं मिळतं, उचलणाऱ्याला मात्र अर्ध्याहून जास्तही मिळू शकतं. त्यामुळे थोरल्याने कापावं आणि धाकट्याने उचलावं, असा नियम ज्या घरात आहे तिथे धाकट्याला एक छोटीशी सवलत मिळत असते.

भावंडं तीन झाली की ही युक्ती कोलमडते. दोघांत पोळी वाटली आणि तिसरी क्लासवरून आली, की काय करायचं? ह्यूगो स्टाइनहाउस या पोलिश गणितज्ञाला तिघांसाठीचं उत्तर दुसऱ्या महायुद्धात सापडलं. ज्यू असल्यामुळे जर्मनव्याप्त पोलंडमध्ये त्यांना खोट्या नावाने लपून राहावं लागलं होतं, त्या काळातली ही गोष्ट. कितीही माणसं असली तरी काय करायचं, हा प्रश्न त्यांनी स्टेफान बानाख आणि ब्रोनिस्वाव क्नास्टर या सहकाऱ्यांपुढे ठेवला. त्यांनी काढलेली रीत 1948 मध्ये छापून आली, आणि वाढदिवसाच्या केकवर सहज करून बघता येते. ताईने तिच्या मते एक तृतीयांश असा तुकडा कापायचा. दादाला तो मोठा वाटला तर त्याने त्यातली चकती कमी करायची, नाहीतर हात लावायचा नाही. मग धाकटीची पाळी, तिलाही तीच मुभा. ज्याने शेवटी सुरी लावली, तो तुकडा त्याचा. उरलेल्या दोघांनी उरलेला केक "तू काप, मी उचलते" करून वाटायचा. प्रत्येकाला आपल्या मते निदान तिसरा हिस्सा मिळतोच.

पण इथे पहिली तक्रार येते. ताई तिचा तुकडा घेऊन बाजूला झाली आणि मग दादा-धाकटीने राहिलेला केक असा कापला की ताईच्या मते दादाला गलेलठ्ठ तुकडा गेला. तिचा तिसरा हिस्सा तिच्याकडे आहे, तरी ती धुसफुसणार! हिस्सा पुरेसा असणं वेगळं आणि दुसऱ्याचं ताट बघून हेवा न वाटणं वेगळं. तिघांसाठी हेवा न उरणारी रीत 1960 च्या सुमारास जॉन सेल्फ्रिज आणि जॉन कॉन्वे यांना स्वतंत्रपणे सापडली. ताईने तीन सारखे तुकडे करायचे. दादाने त्यातला सगळ्यात मोठा वाटणारा तुकडा किंचित छाटून तो दुसऱ्या क्रमांकाच्या बरोबरीचा करायचा आणि छाटलेला भाग बाजूला ठेवायचा. धाकटी पहिली उचलणार, मग दादा, शेवटी ताई. छाटलेला तुकडा शिल्लक राहिला असेल तर दादाने तोच घ्यायचा. बाजूला ठेवलेला भाग मग वेगळा वाटतात. ताईला छाटलेला तुकडा कधीच घ्यावा लागत नाही, आणि उचलण्याचा पहिला मान मिळालेली धाकटी कुणाकडे कशाला बघेल?

चौघांपासून पुढे हे प्रकरण भलतंच अवघड झालं. कितीही माणसांसाठी हेव्याविना वाटणीची रीत स्टीव्हन ब्रॅम्स आणि ॲलन टेलर यांनी 1995 मध्ये दिली, पण ती किती वेळा कापल्यावर संपेल याची हमी नव्हती. ती हमी 2016 मध्ये हारिस अझीझ आणि सायमन मॅकेन्झी यांनी दिली. त्यांनी दिलेली कमाल मर्यादा म्हणजे माणसांच्या संख्येवर तीच संख्या घात म्हणून चढवत नेलेला सहा मजली घातांक. चौघांसाठी पहिल्या तीन मजल्यांतच ती संख्या दिसणाऱ्या विश्वातल्या अणूंच्या अंदाजी संख्येला मागे टाकते. केक तोवर टिकणार नाही, पण उत्तर आहे, हे सिद्ध झालं.

मात्र मला या सगळ्यात सर्वांत आवडलेली गोष्ट याहून सोपी आहे. भावंडांच्या आवडी वेगळ्या असल्या की वाटणी अवघड होते, असं आपण धरून चालतो. गणित नेमकं उलटं सांगतं.

भडंगाचं ताट घ्या. आपल्याकडे त्याशिवाय संध्याकाळ होत नाही. दोन मुठी तुला, दोन मुठी मला, असं केलं तर दोघांना अर्धं अर्धं. आता दोघांना विचारा, शंभर गुण असतील तर कशाला किती द्याल? दादा शेंगदाण्यांना 60, चुरमुऱ्यांना 30 आणि तळलेल्या लसणाला 10 देतो. धाकटी शेंगदाण्यांना 20, चुरमुऱ्यांना 45, लसणाला 35. सगळे शेंगदाणे दादाला, बाकी सगळं धाकटीला दिलं तर त्याला त्याच्या हिशेबाने 60 आणि तिला तिच्या हिशेबाने 80 गुणांचा माल मिळाला. दोघांनाही अर्ध्याहून जास्त! त्यातूनही बरोबरी हवी असेल तर तिने साधारण पावभाग चुरमुरे त्याला परत द्यायचे. दोघंही 68 वर येतात. ही गुणांची रीतही ब्रॅम्स आणि टेलर यांचीच. ताट तेवढंच आहे, फक्त आवडी वेगळ्या आहेत म्हणून त्यातून जास्त निघालं. "तुझं नि माझं कधी जमतच नाही" असं म्हणणारी भावंडं वाटणीला सगळ्यात चांगली.

ताटावरून एकदम मुलखावर जातो, कारण आपला भाग वाटण्यांतूनच घडलेला आहे. 1731 च्या वारणेच्या तहाने साताऱ्याचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजीराजे या चुलत भावांनी राज्य वाटून घेतलं, आणि मधली रेघ म्हणून नदी धरली. हरिपूरच्या संगमावर कृष्णेला मिळते तीच ही वारणा. पुढे 1801 च्या सुमारास मिरजेच्या पटवर्धनांत काका-पुतण्याचं बिनसलं, पुतणे चिंतामणराव वेगळे झाले आणि सांगली संस्थान उभं राहिलं. मागे राहिलेल्या मिरजेचीही नंतर थोरली पाती आणि धाकटी पाती झालीच.

नदी, पोळी, केक या कापता येणाऱ्या गोष्टी. दिवाळीत आणलेले फटाके कापता येत नाहीत. तिथे पोरं आळीपाळीने उचलतात, आणि ही रीत दिसते त्यापेक्षा पक्की आहे. दुसऱ्या क्रमांकावर उचलणाऱ्या धाकटीला दादाचा हेवा वाटलाच, तर तो फक्त त्याच्या पहिल्या उचलीमुळे. ती एक वस्तू, म्हणजे दादाने पहिल्यांदा उचललेला मोठा भुईनळा, बाजूला काढून बघा: आता धाकटीची प्रत्येक उचल दादाच्या पुढच्या उचलीच्या आधी झालेली आहे, म्हणजे तिने प्रत्येक वेळी जास्त आवडलेलं आधीच घेतलंय. पहिल्या उचलीचा हा फायदाही कमी करायचा असेल तर क्रम बदलायचा: दादा, धाकटी, धाकटी, दादा. दुसरी आली तिला लागोपाठ दोन.

मोठेपणी वाटायच्या वस्तू बदलतात. आजीच्या माघारी घरातला तांब्याचा बंब कुणी न्यायचा, हा प्रश्न भाऊ-बहिणीत येतो तेव्हा आळीपाळी चालत नाही, कारण बंब एकच. क्नास्टर यांनी यावरही रीत दिली आहे. दोघांनी आपल्याला तो केवढ्याचा वाटतो हे चिठ्ठीवर खरंखरं लिहायचं, एकमेकांना न दाखवता. समजा बहिणीने 6000 लिहिले आणि भावाने 4000. बंब बहिणीला. तिच्या हिशेबाने तिचा हक्क 3000 चा, म्हणून वरचे 3000 ती मध्ये ठेवते. भावाच्या हिशेबाने त्याचा हक्क 2000 चा, तेवढे तो उचलतो. मध्ये 1000 उरतात, ते दोघांत निम्मे निम्मे. बहिणीला बंब 2500 रुपयांत पडला, भावाला 2500 रोख मिळाले; दोघांनाही आपापल्या हक्काहून 500 जास्त. ते वरचे हजार रुपये आले कुठून? दोघांना त्या बंबाचं मोल वेगळं वाटलं, तिथून. दोघांनीही पाच-पाच हजार लिहिले असते तर मध्ये काहीच उरलं नसतं.