पॉइंट टू-टू रायफल शंभर-दोनशे मीटरवर : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे येणारी तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीची असते. "पन्नास मीटरला सगळ्या गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली बसतात, शंभरला पसारा होतो. दुर्बीण हलत असणार, माउंट बदलून द्या." माउंट, म्हणजे दुर्बीण रायफलीवर धरून ठेवणारे बेस आणि रिंगा, विकणं हाच आमचा धंदा आहे, तरी आम्ही आधी एवढंच विचारतो : पसारा उभा आहे, आडवा आहे की तिरका? या प्रश्नाचं उत्तर घेऊन आलात तर निम्मं काम झालेलं असतं, आणि कित्येकदा नवं माउंट घ्यावंच लागत नाही.

आधी आमच्याबद्दल. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतलं आमचं वर्कशॉप छोटं आहे. दुर्बिणीचे बेस आणि रिंगा, रायफल टेकवायचे पुढचे रेस्ट, वाळूच्या पिशव्या, रायफलीवर बसणारी छोटी पाणसळ ही कामं आम्ही करतो. नळी, बोल्ट (काडतूस आत सरकवून बंद करणारा भाग), ट्रिगर यांना हात लावत नाही. ते परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याचं काम आहे. रायफली आणि काडतुसं आम्ही विकतही नाही, त्यामुळे काडतुसांबद्दल खाली जे लिहिलंय त्यात आमचा कसलाही फायदा नाही.

आता गोळीचा हिशोब. नेमबाजीसाठीच्या पॉइंट टू-टू (०.२२ इंच) लाँग रायफल काडतुसात ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची शिशाची गोळी असते. ती नळीतून सेकंदाला साधारण ३२५ मीटर वेगाने निघते. दोनशे मीटर गाठायला तिला सुमारे ०.७ सेकंद लागतं, आणि तिथे पोचेपर्यंत वेग २५५ च्या आसपास उतरलेला असतो. पन्नास मीटरला झीरो केलेली, म्हणजे तिथे नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी जुळवलेली रायफल त्याच नेमाने शंभरवर धरली, तर गोळी जवळजवळ २० ते २२ सेंटीमीटर खाली लागते. दोनशेवर ती दीड मीटरहून जास्त खाली जाते आणि तीनशेवर साडेचार मीटरच्या आसपास. अंतर दुप्पट झालं की घसरण दुप्पट होईल असं समजून जो टरेट (दुर्बिणीची नेम जुळवायची गुंडी) फिरवतो, त्याच्या गोळ्या लक्ष्याच्या अलीकडच्या मातीत जातात. हे आकडे अंदाजे आहेत. तुमच्या रायफलीचे आकडे तुम्हालाच रेंजवर काढून डोप कार्डावर, म्हणजे कुठल्या अंतराला किती चढवायचं त्या तक्त्यावर, लिहावे लागतील.

समुद्रसपाटीच्या हिशोबाने छापलेला तक्ता नाशिकला थोडा चुकतो. आपण सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहोत, हवा पाच-सहा टक्के विरळ आहे. त्यामुळे दोनशे मीटरवर गोळी मुंबईपेक्षा दोन-तीन सेंटीमीटर वर लागते. वरळीच्या रेंजवर लिहून आणलेलं कार्ड इथे जसंच्या तसं वापरू नका, पण सगळा दोष उंचीच्या माथीही मारू नका.

पसारा उभा असेल तर

नव्वद टक्के संशय काडतुसावर ठेवा. गोळीच्या वेगात सेकंदाला तीन मीटरचा फरक पडला, तर पन्नास मीटरला तो दोन मिलिमीटरचा असतो, कुणाला दिसतही नाही. दोनशे मीटरला तोच फरक तीन-चार सेंटीमीटर होतो. साध्या काडतुसांच्या एकाच डबीत याच्या कितीतरी पट चढ-उतार सापडतो. कारण रिमफायर, म्हणजे काठावर पेटणाऱ्या, या काडतुसाच्या रचनेतच आहे. यात वेगळी टोपी नसते. पेट घेणारं मिश्रण तळाच्या पोकळ काठात फिरवून बसवलेलं असतं आणि घोडा त्या काठावरच आपटतो. मिश्रण सगळीकडे सारखं पसरलंय का, काठाची जाडी एकसारखी आहे का, यावर पेट ठरतो. शिवाय हे काडतूस घरी भरता येत नाही. मोठ्या बोअरचा नेमबाज स्वतः दारू तोलून काडतुसं भरतो. आपल्याला कारखान्याने जे दिलं त्यातूनच निवड करावी लागते.

म्हणून एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट (कारखान्यात एका वेळी बनलेल्या खेपा) थोडे-थोडे मिळवून बघा. जो लॉट तुमच्या नळीला मानवतो, त्याच्या डब्या तुमच्या परवान्यात बसतील तेवढ्या एकदम घ्या. लॉट नंबर डबीवर छापलेला असतो, तो वहीत उतरवा. मित्राच्या रायफलीत जो लॉट उत्तम चालतो तो तुमच्यात चालेलच असं नाही. तीन गोळ्यांचा सुंदर ग्रुप (एकाच नेमाने मारलेल्या गोळ्यांचा पुंजका) पाहून निर्णय घेऊ नका. दहा-दहा गोळ्यांचे चार-पाच ग्रुप पाडा आणि त्यातला सगळ्यात वाईट जास्त वेळ बघा. आमच्याकडे क्रोनोग्राफ आहे. रेंजची परवानगी असेल त्या दिवशी आम्ही तो घेऊन येतो आणि तुमच्या काडतुसांचा वेग मोजून देतो. नवं माउंट घेण्याआधी हे करून घ्या, असं आम्ही दुकानात बसूनही सांगतो.

"हाय व्हेलॉसिटी" असं छापलेल्या डब्यांचा मोह लांबच्या नेमासाठी टाळा. ती गोळी सेकंदाला ३८० मीटरच्या आसपास निघते, म्हणजे आवाजापेक्षा वेगाने. नाशिकच्या हिवाळी सकाळी १० अंशाला आवाजाचा वेग ३३७ मीटर असतो आणि एप्रिलच्या दुपारी ३५४ पर्यंत जातो. वेगवान गोळी पन्नास मीटरच्या आसपास आवाजाच्या वेगाखाली उतरते आणि तिथे तिचा तोल बिघडू शकतो. गंमत म्हणजे शंभर मीटरवर आडव्या वाऱ्यात ती हळू गोळीपेक्षा जास्त सरकते. वाऱ्याने सरकणं हे उड्डाणाला किती वेळ लागला यापेक्षा हवेने किती वेग खाल्ला यावर ठरतं, आणि हवा वेगवान गोळीचा वेग जास्त खाते. मॅचची हळू गोळी सुरुवातीपासून आवाजाखालीच असते, तिला ही भानगड नाही.

आणि काडतुसं उन्हात तापलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. तापलेल्या डबीचा आणि सावलीतल्या डबीचा झीरो वेगळा निघतो.

पसारा आडवा असेल तर

वारा. बाकी काही शोधत बसू नका.

सेकंदाला तीन मीटरचा, म्हणजे पानं सळसळतील आणि तोंडावर जाणवेल एवढाच वारा थेट बाजूने आला, तर पन्नास मीटरला गोळी साधारण दीड सेंटीमीटर सरकते. शंभरवर सहा सेंटीमीटर, दोनशेवर पंचवीसच्या पुढे. ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल प्रकारात दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. म्हणजे एवढ्याशा झुळकेने पन्नासलाच दहा हुकतो. २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (झोपून मारायच्या प्रकारात) विश्वविजेत्या झालेल्या तेजस्विनी सावंत असोत, की २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकाराचं) कांस्यपदक आणणारे स्वप्निल कुसाळे, ज्यांच्या नेमबाजीची सुरुवातीची वर्षं आपल्या नाशिकमध्ये गेली, ही मंडळी रेंजवरच्या झेंड्यांकडे लक्ष ठेवूनच खेळतात. आपण दोनशेला मारायला निघालो आणि झेंडे लावायचा कंटाळा केला, तर रायफलीला नावं ठेवू नयेत.

झेंडे महाग लागत नाहीत. सर्व्हेवाल्यांच्या रंगीत टेपच्या हातभर पट्ट्या सळईला बांधा आणि पंचवीस, पन्नास, शंभर, दीडशे मीटरला रोवा. नळीजवळच्या वाऱ्याने गोळी आधी वळते आणि तो कोन पुढे शेवटपर्यंत वाढत जातो, म्हणून तुमच्याजवळचा झेंडा लांबच्याइतकाच महत्त्वाचा. समोरून किंवा मागून येणारा वारा जवळजवळ सोडून द्या, ४५ अंशाच्या वाऱ्याचा परिणाम थेट आडव्याच्या सत्तर टक्के धरा, ३० अंशाचा निम्मा.

नाशिकला सराव करायचा तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली सकाळ घ्या. हवा बहुधा शांत असते, रायफल आणि काडतूस तपासायला तोच वेळ. वारा वाचायला शिकायचं असेल तर मुद्दाम दुपारी या. तापलेल्या जमिनीवरची लहर दुर्बिणीतून दिसते, तिला नेमबाज मिराज म्हणतात. ती कुठल्या बाजूला वाहतेय त्यावरून वारा कळतो. ती सरळ वर उकळताना दिसली की एक तर वारा पडलाय किंवा बाजू बदलतोय, तेव्हा ट्रिगर दाबायची घाई नको. जून-जुलैचा पश्चिमेचा वारा मात्र शिकाऊ माणसाची पार परीक्षा पाहतो. तेव्हा पन्नासवरच थांबलेलं बरं.

पसारा तिरका, किंवा जागा बदलत जाणारा

टरेट फिरवून अंतर वाढवत गेलात आणि गोळ्या दरवेळी थोड्या-थोड्या एकाच बाजूला सरकत गेल्या, तर रायफल कलती धरली जातेय किंवा दुर्बीण वाकडी बसवली आहे. दोनशे मीटरला एका अंशाचा कल म्हणजे चार सेंटीमीटर. डोळ्याला एक अंश कळत नाही, म्हणून पाणसळ लावतात. दुर्बीण बसवताना आम्ही भिंतीवर ओळंबा सोडून आतली उभी रेघ त्याच्याशी जुळवतो. घरी करायचं असेल तर हीच पद्धत वापरा, मोबाइलच्या ॲपवर विसंबू नका.

खरोखर माउंट हलत असेल तर लक्षण वेगळं असतं. ग्रुप घट्ट असतो पण त्याची जागा बदलते, आज इथे, उद्या तिथे. कित्येक पॉइंट टू-टू रायफलींवर दुर्बिणीचा बेस पकडणारी ११ मिलिमीटरची डव्हटेल खाच असते. तिच्यावर तेलाचा थर राहिला की क्लॅम्प सूक्ष्म सरकतो. आधी खाच स्पिरिटने पुसून कोरडी करा. रिंगांचे स्क्रू दोन न्यूटन-मीटरच्या आसपास, टॉर्क पान्यानेच आवळा. हाताच्या अंदाजाने आवळून दुर्बिणीची नळी चेपल्याच्या केसेस आमच्याकडे येतात, आणि ती चेपलेली नळी आम्हाला सरळ करता येत नाही.

दोनशेच्या पुढे जायचं असेल तर उतार असलेला बेस घ्या. पन्नासचा झीरो धरून दोनशेला साधारण आठ मिलरेडियन (कोनाचं माप, एक म्हणजे शंभर मीटरवर दहा सेंटीमीटर) चढवावे लागतात, तीनशेला पंधराच्या पुढे. बऱ्याच साध्या दुर्बिणींमध्ये मधल्या जागेपासून वर एवढी फिरकीच शिल्लक नसते. २० मिनिटांचा (एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) उतार दिलेला बेस जवळजवळ सहा मिलरेडियनची भर घालतो. शंभरपर्यंतच मारणार असाल तर त्याची गरज नाही, उगाच पैसे घालवू नका.

टरेटवर लिहिलेले क्लिक (फिरवताना पडणारे टप्पे) खरे आहेत का हेही एकदा बघा. ०.१ मिलरेडियनचा क्लिक शंभर मीटरला एक सेंटीमीटर हलवायला हवा. उंच कागदावर ओळंब्याने रेघ मारा, टेपने मोजून अचूक पन्नास मीटरवर लावा, खालच्या खुणेवर पाच गोळ्या मारा, मग टरेट आठ मिलरेडियन वर फिरवून त्याच खुणेवर पुन्हा पाच मारा. दोन ग्रुपांत ४० सेंटीमीटर अंतर यायला हवं. ३८ आलं तर दुर्बीण फेकायची नाही, डोप कार्डात तो फरक धरायचा.

पॅरालॅक्स, म्हणजे डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसण्याचा दोष, हाही इथेच तपासा. रायफल रेस्टवर स्थिर ठेवून डोकं हलवलं आणि क्रॉस लक्ष्यावरून सरकला, तर पॅरालॅक्स त्या अंतराला जुळलेला नाही.

सफाईबद्दल थोडक्यात : नळी सारखी घासू नका, चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या) तोंडाशी जमणारं काजळीचं कडं मात्र वेळोवेळी काढा. काडतुसाची कंपनी बदलली की नव्या गोळीवरचं वंगण नळीत बसायला काही गोळ्या जातात, त्या ग्रुपात मोजू नका. रिकाम्या रायफलीचा ट्रिगर सारखा दाबू नका. काही रायफलींत घोडा चेंबरच्या काठावर आपटून खाच पाडतो.

कायदा आणि सुरक्षा

पॉइंट टू-टू रायफलीला शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे परवाना लागतो. नाशिक शहरात तो पोलीस आयुक्तालयाकडून मिळतो, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडून. सराव फक्त मान्यताप्राप्त रेंजवर. "गंगापूर धरणाच्या मागे मोकळं माळरान आहे, तिथे दोनशे मीटर टाकू का?" असं विचारणाऱ्यांना आमचं उत्तर नाही हेच आहे. ही छोटी गोळी दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते, आणि दगडावरून किंवा पाण्यावरून उसळून भलतीकडे वळते. बहुतेक नागरी रेंज पन्नास मीटरच्या आहेत. त्याहून लांब मारायचं तर रेंज अधिकाऱ्याची आधी परवानगी घ्या आणि मागचा मातीचा बांध पुरेसा उंच आहे ना ते स्वतः बघा. गोळी सुटली नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबा, मगच बोल्ट उघडा. कानाला मफ लावा, डोळ्याला चष्मा. गोळ्या शिशाच्या आहेत, म्हणून जेवणाचा डबा उघडण्याआधी हात साबणाने धुवा.

वर्कशॉपला येताना

आधी फोन करून वेळ घ्या. परवानाधारकाने स्वतः यावं, मूळ परवाना सोबत असावा. काडतुसं घरी ठेवून या, बोल्ट काढून वेगळा आणा. काम तुमच्यासमोर होतं, रायफल आम्ही एका रात्रीसाठीसुद्धा ठेवून घेत नाही. मारलेले कागद आवर्जून आणा, त्यावर अंतर, काडतुसाचा लॉट आणि वेळ लिहिलेली असावी. नुसता मोबाइलवरचा फोटो आणला तर माप काढता येत नाही. रविवारी वर्कशॉप बंद असतं, आम्हीही रेंजवर असतो.