वळणावर ड्रायव्हर नेमका बघतो कुठे? थोडी पार्श्वभूमी

कुठल्याही ड्रायव्हरला विचारा, वळणावर कुठे बघतोस, तर "रस्त्याकडे, अजून कुठे!" हेच उत्तर येणार. १९७७ मध्ये अमेरिकेत शिनार, मॅकडॉवेल आणि रॉकवेल या संशोधकांनी नजरेचं रेकॉर्डिंग करून दाखवलं की वळण यायच्या आधीच डोळे ते शोधायला लागतात. पण शोधतात काय, ते अजून धूसरच होतं.

खरी चर्चा पेटली १९९४ ला. मायकल लँड, ज्यांनी कोळी आणि शिंपल्यांच्या डोळ्यांवर काम केलेलं (हो, शिंपल्यांनाही डोळे असतात!), आणि डेव्हिड ली यांनी एडिंबरामध्ये आर्थर्स सीट या टेकडीच्या वळणावळणाच्या रस्त्यावर ड्रायव्हरच्या डोक्याला कॅमेरा लावून गाडी चालवायला दिली. नजर सारखी टँजंट पॉइंटवर जात होती. म्हणजे डावं वळण असेल तर रस्त्याची डावी कड आधी समोर सरकत येते आणि एका ठिकाणाहून परत डावीकडे पळते, तो उलटा फिरण्याचा पॉइंट. वळण एकसारखं असेल तर तो काचेतून एकाच जागी दिसत राहतो, वळण घट्ट झालं की बाजूला सरकतो, त्यामुळे स्टिअरिंग किती फिरवायचं ते तिथेच कळतं. हात नजरेच्या मागोमाग साधारण पाऊण सेकंदाने फिरत होते.

पुढच्याच वर्षी लँड आणि हॉरवुडने सिम्युलेटरमध्ये रस्त्याच्या फक्त बारीक पट्ट्या दाखवल्या. नुसता लांबचा भाग दिसला तर गाडी वळण बरोबर घेते पण लेनमध्ये हळूहळू सरकते, नुसता जवळचा दिसला तर लेनमध्ये राहते पण झटके देत, दोन्ही मिळून काम जवळपास पूर्ण रस्ता दिसल्यासारखंच.

मग २००० मध्ये वॅन आणि स्वॅपने वेगळाच मुद्दा काढला, की माणूस कडेकडे नाही, जिथून गाडी न्यायचीय त्या जागेकडे बघतो. मला हे जास्त पटतं, आपल्या घाटात उजव्या वळणावर आतली कड म्हणजे मधला पट्टाच पुसलेला असला तरी गाड्या वळतातच ना. पण टँजंट पॉइंटवाले काही गप्प बसले नाहीत, आणि नंतर फिनलंडच्या ओटो लाप्पींसारख्या संशोधकांनी खऱ्या रस्त्यावर मोजून वाद चालू ठेवला. अडचण अशी की वळणावर या दोन जागा ड्रायव्हरच्या नजरेत अगदी जवळजवळ येतात, थोड्याच अंशांचा फरक, त्यामुळे नुसत्या नजरेच्या रेकॉर्डिंगवरून तो कुठल्या जागेकडे बघतोय हे ठामपणे सांगणं कठीणच.