येलचा देवमासा: इंगल्स रिंकची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवन शहरात येल विद्यापीठाचे आइस हॉकीचे बंदिस्त मैदान आहे. कागदोपत्री नाव डेव्हिड एस. इंगल्स रिंक, पण विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘येल व्हेल’, म्हणजे येलचा देवमासा. रस्त्यावरून पाहिले की पाठ वर काढून पहुडलेला अवाढव्य देवमासाच दिसतो. कुणाला उपडी घातलेली जुनी नॉर्डिक नौकाही दिसते. ही इमारत 1958 मध्ये पुरी झाली. येलची हॉकी मात्र त्याहून साठेक वर्षांनी जुनी.

1890च्या दशकात माल्कम चेस या टेनिसपटूने आणि त्याच्या सोबत्यांनी कॅनडाच्या खेळाडूंकडून हा खेळ उचलला आणि येलमध्ये रुजवला. फेब्रुवारी 1896 मध्ये बाल्टिमोरला येल आणि जॉन्स हॉपकिन्स यांच्यात सामना झाला, तो 2-2 असा बरोबरीत सुटला. अमेरिकी विद्यापीठांमधल्या अगदी पहिल्या सामन्यांत त्याची गणना होते. पुढे कित्येक वर्षे येलचा संघ शहरातल्या सार्वजनिक ‘न्यू हेवन अरेना’मध्ये खेळत राहिला. एवढे जुने विद्यापीठ, एवढा जुना संघ, पण हक्काचे बर्फ नाही, अशी अवस्था होती.

नव्या मैदानाला नाव मिळाले ते इंगल्स पितापुत्रांवरून. दोघेही येलच्या हॉकी संघाचे कर्णधार होते. त्यातले वडील विलक्षण माणूस. पहिल्या महायुद्धात शिक्षण अर्धवट टाकून ते नौदलाच्या विमानदलात गेले आणि 1918 मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ब्रिटिशांच्या सॉपविथ कॅमल विमानातून लढले. त्या युद्धात अमेरिकी नौदलाला ‘एस’ म्हणवणारा, म्हणजे शत्रूची किमान पाच विमाने पाडणारा, एकच वैमानिक मिळाला, तो हा. युद्ध संपल्यावर ते येलमध्ये परतले आणि 1920 मध्ये पदवीधर झाले.

आराखड्याचे काम एरो सारिनेन यांच्याकडे आले. जन्म फिनलंडचा, शिक्षण येलचे, 1934 चे पदवीधर. सेंट लुइसची प्रचंड पोलादी कमान आणि न्यूयॉर्कचे टीडब्ल्यूए विमानतळ टर्मिनल यांमुळे पुढे त्यांचे नाव जगभर झाले. ते 1961 मध्ये, अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी गेले.

या इमारतीचे खरे मोल तिच्या छपरात आहे, म्हणून तिथे जरा थांबायला हवे. आपल्या कौलारू घरात मध्ये आढे असते आणि त्यावरून दोन्ही बाजूंना वासे उतरतात. इथे आढ्याच्या जागी सुमारे 300 फुटांची काँक्रीटची कमान आहे, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. वाशांच्या जागी आहेत पोलादी दोर. कमानीपासून ते दोन्ही बाजूंच्या भिंतींपर्यंत तंबूच्या कापडासारखे झोकात उतरतात आणि त्यांच्यावर लाकडी फळ्यांचे छप्पर बसवलेले आहे. दोर भिंतींचा माथा सतत आत ओढतात. सरळ भिंतीला ती ओढ जड गेली असती. म्हणून सारिनेन आणि त्यांचे अभियंते फ्रेड सेव्हरड यांनी भिंतीच बाहेरच्या बाजूला फुगवल्या, आडव्या पाडलेल्या कमानीसारख्या. देवमाशाचे ते गरगरीत पोट केवळ देखणेपणासाठी नाही, ते छपराचा ताण पेलते. सुमारे साडेतीन हजार आसने आहेत आणि बर्फाकडे पाहताना मध्ये एकही खांब येत नाही. मान वर केली की 75 फुटांवर काँक्रीटचा कणा आणि त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेले लाकूड दिसते.

खर्च अंदाजाच्या दुप्पट झाला, सुमारे 15 लाख डॉलर. त्यावर टीका होणे साहजिक होते. तरी मला वाटते, त्या काळी हात आखडता घेतला असता तर आज तिथे पत्र्याची एखादी शेड उभी असती आणि तिची आठवण कुणी काढली नसती.

या छताखाली खेळापलीकडचाही इतिहास घडला. ब्लॅक पँथर्स ही कृष्णवर्णीयांची जहाल संघटना. तिचा नेता बॉबी सील आणि इतर सदस्यांवरच्या न्यू हेवनमधल्या खटल्याच्या निषेधार्थ 1970 च्या मे महिन्यात हजारो निदर्शक शहरात जमले होते. 1 मेच्या रात्री रिंकमध्ये स्फोट झाला. इमारतीचे नुकसान झाले, पण जीवितहानी टळली.

काळ गेला तशी आतली अडचण वाढली. खेळाडूंच्या खोल्या अपुऱ्या पडू लागल्या, आणि महिलांचा संघ सुरू झाल्यावर तर फारच. जागा वाढवायची कशी? बाजूला एखादी खोली जोडली तरी देवमाशाला कुबड आले असते. केविन रॉश हे सारिनेन यांच्याच कार्यालयात घडलेले वास्तुरचनाकार. 2010 मध्ये पुऱ्या झालेल्या नूतनीकरणात त्यांच्या संस्थेने वाढीव भाग चक्क जमिनीखाली नेला. बाहेरून आकाराला धक्का लागला नाही. गुरूच्या कामाचा याहून मोठा मान कोणता राखणार?

तीन वर्षांनी, एप्रिल 2013 मध्ये, येलने पहिल्यांदा विद्यापीठांच्या हॉकीचे राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. स्पर्धेच्या सोळा संघांत त्यांना जेमतेम जागा मिळाली होती. पहिल्याच फेरीत बलाढ्य मिनेसोटाला त्यांनी अतिरिक्त वेळेच्या नवव्या सेकंदाला हरवले. अंतिम सामना पिट्सबर्गला झाला आणि समोर आला क्विनिपियाक विद्यापीठाचा संघ. न्यू हेवनच्या शेजारच्याच हॅम्डेन गावचा हा संघ त्याच हंगामात येलवर तीनदा मात करून आलेला. येलने तो सामना 4-0 असा जिंकला. येलच्या त्या संघाचा रोजचा सराव चाले तो सारिनेनच्या छपराखाली, आणि कपडे बदलणे रॉशच्या संस्थेने बांधलेल्या जमिनीखालच्या खोल्यांत.