फट एक दशांश मिलिमीटरची

मे महिन्यात डबलसीट घाट चढताना टू-स्ट्रोक स्कूटर मध्येच खर्र करून थांबायची, ते दिवस आठवणारे लोक अजून पुष्कळ आहेत. गॅरेजवाला दोनदा किक मारून बघायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "सीझ झालंय. ब्लॉक उतरवावा लागेल." ऊन, चढ, तेल कमी, पिस्टन फुगला आणि सिलिंडरला चिकटला. यात नवल काही नाही. नवल पुढे आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, उणे २५ अंशांत बर्फावरून पळणाऱ्या स्नोमोबाइलची इंजिनंही अशीच सीझ होतात. तीही बऱ्याचदा इंजिन सुरू केल्यावर पहिल्या काही मिनिटांत, म्हणजे चांगली गार असताना.

पुढे दोन स्की आणि मागे रबरी पट्टा, असं हे वाहन. गुलमर्गला फिरायला गेलेल्यांनी ते पाहिलं असेल. कॅनडातल्या व्हालकूर गावात उद्योजक बॉम्बार्डिए यांनी १९५९ मध्ये 'स्की-डू' बाजारात आणली. मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, रोझो गावात, पोलारिस कंपनीने त्याआधी तीन वर्षं पहिली गाडी बनवली होती. बर्फात रुतू नये म्हणून गाडी हलकी हवी, आणि वजनाच्या मानाने भरपूर ताकद देणारं साधं इंजिन म्हणजे टू-स्ट्रोक. आपल्या रस्त्यांवरून ते जवळजवळ गेलं, तिकडे अजून टिकून आहे.

आता ८०० सीसीचं, दोन सिलिंडरचं एक इंजिन डोळ्यांसमोर आणा. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ८२ मिलिमीटर. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात खोलीच्या तापमानाला असते साधारण एक दशांश मिलिमीटर फट, डोक्याच्या एका जाडसर केसाएवढी. इंजिनाचं सगळं आयुष्य या फटीत चालतं. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आणि हल्ली सिलिंडरही त्याचाच. दोघं सारखेच तापले तर सारखेच फुगतात आणि फट जवळपास तशीच राहते. पण पिस्टनचा माथा थेट आगीत असतो आणि सिलिंडरभोवती थंड पाणी (न गोठण्याचं द्रव्य मिसळलेलं). पिस्टन सिलिंडरपेक्षा साधारण ६० अंशांनी जास्त तापला की हिशेबाने ही दशांशाची फट संपते. म्हणजे इंजिन किती गरम आहे यापेक्षा या दोघांच्या तापमानात किती अंतर आहे, हे महत्त्वाचं. आणि हे अंतर सगळ्यात जास्त केव्हा असतं? बर्फात रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू करून लगेच थ्रॉटल दाबला, तेव्हा.

त्यात आणखी एक गंमत. या गाड्यांचं पाणी पट्ट्याजवळच्या पन्हळींतून फिरतं आणि उडणाऱ्या बर्फाने थंड होतं. इंजिन जरा तापलं की थर्मोस्टॅट, म्हणजे पाण्याची वाट अडवून धरणारी झडप, उघडतो आणि तिथे साचलेलं गारेगार पाणी एकदम सिलिंडरभोवती येतं. सिलिंडर ३० अंशांनी गार झाला तरी तो ५ शतांश मिलिमीटर आकसतो. अर्धी फट तिथेच गेली. आत पिस्टन फुगलेला, बाहेरून सिलिंडर आवळतोय. अशा पिस्टनवर चार ठिकाणी उभे ओरखडे दिसतात, गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) दोन्ही अंगांना दोन-दोन. पिनभोवती धातू जाड असतो, त्यामुळे फुगवटा तिथेच आधी टेकतो.

म्हणून नवा पिस्टन मागवण्याआधी जुना वाचावा. चार कोपऱ्यांत ओरखडे असतील तर थंडीचा मार. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर जास्त उष्णता, बहुधा पेट्रोल कमी पडलेलं. हेही थंडीचंच पोर: उणे ३० अंशांची हवा ३० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे २५ टक्के दाट असते, आणि कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, त्या मानाने मोठा केला नाही तर मिश्रण सुकं पडतं. माथ्यालाच भोक असेल तर प्रकरण आणखी पुढे गेलेलं. कारण न शोधता नवा पिस्टन बसवणारे पुष्कळ भेटतात. त्यांचा तोही जातो.

आता निवड. बाजारात दोन जाती आहेत, ओतीव आणि घडीव. "घडीव म्हणजे भारी, तोच टाक" हा सल्ला कुठल्याही कट्ट्यावर फुकट मिळतो. तो अर्धाच खरा आहे. ओतीव पिस्टनमध्ये १२ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त सिलिकॉन असतं. सिलिकॉन ॲल्युमिनियमच्या जेमतेम नवव्या हिश्शाने फुगतं, आणि असतंही कठीण. काँक्रीटमधल्या खडीसारखं ते धातूला आवरून धरतं. पिस्टन कमी फुगतो, कमी झिजतो, फट कमी ठेवता येते. पण खडीमुळे जो ठिसूळपणा येतो तोही येतोच. पुष्कळ तास चालल्यावर त्याचा स्कर्ट, म्हणजे खालची भिंत, तडकतो, तुकडे खाली क्रँकमध्ये पडतात आणि बिल चौपट होतं.

घडीव पिस्टनचे २६१८ आणि ४०३२ हे मिश्रधातू नेहमीचे. ४०३२ मध्ये सिलिकॉन असतं, २६१८ मध्ये जवळजवळ नाहीच. हा २६१८ म्हणजे काँकॉर्ड विमानाचं अंग ज्याचं होतं त्या धातूचा सख्खा भाऊ. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाताना ते विमान तापून वीसेक सेंटिमीटर लांब व्हायचं. तापला तरी हा धातू ताकद सोडत नाही, आणि मार बसला तर तुटण्याऐवजी वाकतो. पण फुगायचं ते फुगतोच. ८२ मिलिमीटरचा पिस्टन १५० अंशांनी तापला तर तो ओतीव पिस्टनपेक्षा सुमारे साडेतीन शतांश मिलिमीटर जास्त फुगतो. म्हणून त्याला फट जास्त ठेवावी लागते. गार इंजिनात तो खुळखुळतो, आणि ओतीव पिस्टनच्या मापाने बसवला तर नेमका थंडीत धरतो.

मला विचाराल तर जंगलातल्या वाटांनी शनिवार-रविवार फिरणाऱ्याला कंपनीच्या मापाचा चांगला ओतीव पिस्टन पुरतो. इंजिनाची ताकद वाढवलेली असेल, आणि पाणी ४० अंशांपर्यंत जाईतो थांबण्याचा धीर असेल, त्याने घडीव घ्यावा. धीर नसलेल्याने घडीव घेऊ नये.

जास्त कॉम्प्रेशनच्या, म्हणजे मिश्रण जास्त दाबणाऱ्या, पिस्टनचा मोहही असतो. ३००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ७० टक्के उरतो, तिथे तो शोभतो. तीच गाडी सखल भागात आणली की साध्या पेट्रोलवर इंजिन ठोकू लागतं.

पण पिस्टनच्या आधी सिलिंडर. आपल्याकडच्या स्कूटरला लोखंडी ब्लॉक असायचा. लेथवाल्याकडे बोअर करून घ्यायचा आणि ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा. इथे ते चालत नाही. आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा, मिलिमीटरच्या साधारण सात शतांश जाडीचा थर असतो, आणि बोअर केलं तर थरच जातो. सीझ झाल्यावर त्यावर चिकटलेलं ॲल्युमिनियम सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने काढतात, म्हणजे आपलं संडास धुवायचं ॲसिड. ते ॲल्युमिनियम खातं, थराला हात लावत नाही. बुडबुडे थांबले आणि खालचा थर शाबूत दिसला तर सिलिंडर वाचला. थराला भोक असेल तर तेच आम्ल सिलिंडर खायला लागतं. मग नवा थर चढवायला पाठवणं आलं.

वजनही बघावं. मिनिटाला ८००० फेऱ्यांना पिस्टन वरच्या टोकाला वळतो तेव्हा त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या ३००० पटींहून जास्त त्वरण असतं. ३५० ग्रॅमचा पिस्टन त्या क्षणी एका टनाहून जास्त जोराने कनेक्टिंग रॉड ओढतो. नवे दोन पिस्टन काट्यावर सारखे हवेत आणि जुन्यांच्या जवळपासचे. माथ्यावरचा बाण एक्झॉस्टकडे, पिन जागेवर धरणारे सर्क्लिप नवे. हे गॅरेजमधला नवा पोरगाही सांगेल.

शेवटी मायक्रोमीटर. पिस्टन गोल नसतो, किंचित लंबगोल असतो, आणि वर निमुळता. त्यामुळे कंपनीने सांगितलेल्या उंचीवर, पिनच्या काटकोनातच माप घ्यायचं. आणि हातात धरून गप्पा मारत बसायचं नाही. हाताच्या उबेने पिस्टन १० अंश तापला तर दीड शतांशापेक्षा जास्त वाढतो, आणि आपण भांडतोय शतांशांवरच. म्हणून जाणता मेकॅनिक पिस्टन खोक्यातून काढतो, सिलिंडरशेजारी टेबलावर ठेवतो आणि दिवा मालवून घरी जातो. माप दुसऱ्या दिवशी सकाळी.