टायरमधली हवा आणि कंबरेतला दाब

पणजीहून फोंड्याला परतताना बाणस्तारीचा पूल ओलांडला की माझी कंबर भरून यायला लागायची. भोमचा अरुंद रस्ता सुरू झाला की मी सीटवर चुळबुळ करायचे, आणि मंगेशी येईपर्यंत उजव्या बाजूने मांडीच्या मागे कळ उतरलेली असायची. अंतर जेमतेम तीस किलोमीटर. घरी पोहोचले तरी दोन मिनिटं दार उघडून तशीच बसून राहायचे, कारण उठायचं म्हटलं की अंगावर काटा यायचा.

गाडी नवी होती, हौसेने घेतलेली. शोरूममध्ये बसले तेव्हा सीटने कुशीत घेतल्यासारखं वाटलं होतं. पाच मिनिटं बसले, लगेच बुकिंग केलं. पाच मिनिटांत कुठलीही सीट छानच वाटते. कंबरेचा निकाल अर्ध्या तासाने लागतो, हे मला दीड वर्ष भोगल्यावर कळलं.

मी उच्च माध्यमिकला भौतिकशास्त्र शिकवते आणि कंबरदुखीसोबत राहते त्याला आता नऊ वर्षं झाली. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला वैद्यकात जुनाट वेदना म्हणतात. माझ्यासारखे लोक थोडे नाहीत. २०२० साली जगात सुमारे ६२ कोटी माणसांची कंबर दुखत होती. त्यातल्या पुष्कळांना रोज गाडी चालवावीच लागते, आणि गोव्यात तर फारच. पण गाडी घेताना आपण मायलेज विचारतो, एअरबॅग मोजतो, रंगावरून घरात वाद घालतो, आणि कंबर मात्र शोरूमबाहेर ठेवून आत जातो.

मणक्यांच्या मधल्या चकत्या म्हणजे बाहेरून चिवट तंतूंची कडी आणि आत पाणी धरून ठेवणारा मऊ गर. हा गर दाबला जातो तेव्हा तो दाब मोजता येतो. १९६०च्या दशकात स्वीडनच्या आल्फ नाखेमसन यांनी जिवंत माणसांच्या चकतीत सुई घालून तो मोजायला सुरुवात केली. पुढे १९९९ मध्ये जर्मनीत हान्स-योआखिम विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका निरोगी माणसाच्या चकतीत बारीक सेन्सर बसवून दिवसभराच्या हालचालींमधले आकडे प्रसिद्ध केले. माणूस एकच, त्यामुळे ते आकडे सगळ्यांना तंतोतंत लावू नयेत. पण त्यांतून चित्र फार छान उभं राहतं, आणि ते मी गाडीच्याच मापात मांडते.

टायरमध्ये ३३ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा आहे असं धरा. त्या माणसाच्या कंबरेच्या चकतीत आडवं पडल्यावर दाब होता टायरच्या निम्म्याहून कमी. उभं राहिल्यावर टायरच्या दुपटीहून थोडा जास्त. पाठीला टेकू न घेता सैल बसल्यावर साधारण दुप्पट. खुर्चीत मागे रेलल्यावर टायरपेक्षा किंचितच जास्त. बसून पुढे पूर्ण वाकल्यावर साडेतीन पटींच्या वर. आणि कमरेत वाकून वीस किलोंचं ओझं उचलताना? दहा पट!

नाखेमसन यांच्या मोजणीत टेकू नसताना बसण्याचा दाब उभं राहण्यापेक्षा बराच जास्त आला होता. विल्के यांच्या मोजणीत तसं दिसलं नाही. म्हणजे ‘बसणं वाईट’ एवढं ढोबळ म्हणून भागत नाही. कसं बसलात, पाठीला टेकू कसा आहे, यावर सगळं अवलंबून आहे. १९७०च्या दशकात स्वीडनमध्येच गुन्नार अँडरसन यांच्या गटाने पाठटेकूचा कोन बदलून पाहिला. टेकू मागे कलवला की दाब उतरतो, कंबरेच्या खळग्यात आधार दिला की आणखी उतरतो.

तो खळगाच खरा महत्त्वाचा. उभं राहिल्यावर कंबर आतल्या बाजूला वळलेली असते. आपण बसलो की ओटीपोटाचं हाड मागे कलतं आणि तो बाक सपाट होतो. अमेरिकेतले शल्यचिकित्सक कीगन यांनी १९५३ मध्ये वेगवेगळ्या कोनांत क्ष-किरण चित्रं काढून दाखवलं की धड आणि मांडी यांच्यात सुमारे १३५ अंशांचा कोन असताना कंबर सगळ्यात निवांत असते. आता बुटकी, स्पोर्टी गाडी आठवा. बूड खाली, गुडघे वर, पाय समोर लांबवलेले. मांडीच्या मागचे लांब स्नायू बसण्याच्या हाडापासून गुडघ्याखालपर्यंत जातात. पाय जितका सरळ, तितके ते ताणले जातात आणि ओटीपोटाचं हाड मागे खेचतात. म्हणजे कंबरेला कितीही छान उशी लावली तरी खालून हे स्नायू तिचा बाक उलगडत राहतात. माझ्या त्या हौसेच्या गाडीत नेमकं हेच होत होतं. खुर्चीसारखं उंच, पाय खाली सोडून बसायला मिळालं की हा ताण सैल पडतो. १९९८ मध्ये सँट्रो आणि १९९९ मध्ये वॅगन-आर आली तेव्हा त्या उंच, डबीसारख्या आकाराला लोकांनी नाकं मुरडली होती. कंबरेच्या दृष्टीने तो आकार शहाणपणाचा आहे, असं मी अगदी मनापासून सांगते.

उंचीचा दुसरा फायदा चढ-उतारात. गाडीचं दार उघडून शेजारी उभे राहा. सीट गुडघ्याच्या पातळीला असेल तर आत पडावं लागेल आणि बाहेर येताना स्वतःला उचलावं लागेल. मांडीच्या मध्यापर्यंत येत असेल तर नुसतं टेकायचं आणि दोन्ही पाय एकदम आत वळवायचे. एक पाय आत, एक बाहेर, आणि कंबर मध्ये पिळलेली, असं करू नये. सीटवर गुळगुळीत कापड टाकलं तर वळणं सोपं जातं. खूप उंच जीपगाडीही नको, तिथे चढताना तीच कंबर पणाला लागते.

आता खड्डे. गोव्यात पावसाळा सरला की रस्त्यांची जी दशा होते, त्याबद्दल वेगळं सांगायला नको. पण मोठ्या खड्ड्यापेक्षा मला जास्त त्रास व्हायचा तो ठिगळं लावलेल्या, दिसायला बऱ्या रस्त्याचा. याचं कारण वर्गात शिकवत असूनही ते स्वतःच्या कंबरेला लावायचं मला सुचलं नव्हतं: अनुनाद.

प्रत्येक लवचीक वस्तूची डोलण्याची स्वतःची एक लय असते. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलका धक्का देत राहिलं तरी झोका मोठा होत जातो. बसलेल्या माणसाचं धड उभ्या दिशेने सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा डोलण्याच्या लयीचं असतं. सीटवरून येणारी थरथर या लयीची असेल तर शरीर ती विझवत नाही, उलट वाढवून घेतं, आणि कंबरेचे स्नायू प्रत्येक हेलकाव्याला सावरायला धावतात. म्हणून अंगाला बसणारी थरथर मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात सेकंदाला ४ ते ८ वेळा या पट्ट्याला सगळ्यात जास्त वजन दिलेलं आहे. युरोपात तर ट्रॅक्टर-ट्रक चालवणाऱ्या कामगारांनी दिवसभरात किती थरथर सोसावी यावर २००२ सालच्या कायद्याने मर्यादा घातलेली आहे.

गाडीच्या स्प्रिंगा आणि शॉकअप मुद्दाम असे बनवतात की गाडीचं धड सेकंदाला एक-दीड वेळाच डोलावं. पाळण्यासारखा हा संथ डोल कंबरेला सोसतो. पण शॉकअप मेले, टायर कडक झाले किंवा सीटचा फोम बसला की मधली ४-५ची लय सरळ वर येते.

इथे एक हिशेब करून पाहा. ठिगळांचे उंचवटे दोन-दोन मीटरवर आहेत आणि गाडी ताशी ३६ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १० मीटरने चालली आहे. सेकंदाला धक्के किती? पाच. बरोबर कंबरेची लय! त्याच रस्त्यावर वेग निम्मा केला तर धक्के अडीच होतात, आणि तेही सौम्य. भोमच्या त्या तुकड्यात मी आता वेग १८-२०वर आणते. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत.

टायरची गोष्ट मला फोंड्याच्या गॅरेजात उमगली. तिथल्या मेस्त्रीने हवा तपासली आणि म्हणाला, “टीचर, हवा चड भरल्या. चाळीस आसा.” पेट्रोल पंपावरच्या मुलाने मायलेज वाढावं म्हणून भल्या मनाने जास्त भरली होती. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आकडा होता ३३. हवा उतरवून त्याच रस्त्याने घरी आले, तर पहिल्या रंबलरलाच (वेग कमी करायला लावणाऱ्या रस्त्यावरच्या पट्ट्यांवर) फरक जाणवला. मग मी टायरच्या कडेवरचे आकडे वाचले. १९५/५५ म्हणजे टायरची रुंदी १९५ मिलिमीटर आणि कडेची उंची तिच्या ५५ टक्के, म्हणजे १०७ मिलिमीटर. १६५/८० असेल तर ती उंची १३२. रिम आणि रस्ता यांच्यामध्ये अडीच सेंटीमीटर जास्त रबर आणि हवा. मोठ्या अलॉय चाकांची बारीक टायरं देखणी दिसतात, पण आपल्या वाट्याची अडीच सेंटीमीटर गादी त्यांनी काढून घेतलेली असते. एकाच गाडीच्या दोन मॉडेलांत निवड असेल तर कंबरवाल्यांनी लहान चाकाचं, स्वस्त मॉडेल घ्यावं.

क्लचबद्दल थोडक्यात: पर्वरीच्या रांगेत डावा पाय शंभरदा दाबताना दर वेळी ओटीपोट त्या बाजूला रेटलं जातं. परवडत असेल तर ऑटोमॅटिक घ्या.

सगळ्यात उत्तम सीटवरही एक गोष्ट टळत नाही. चकतीच्या आतल्या गराला मोठ्या माणसांत थेट रक्तपुरवठा नसतो. पाणी आणि पोषण तिच्यात झिरपत जातं. रात्री ती फुगते, दिवसा ओझ्याखाली पाणी सोडते, म्हणून सकाळी आपण सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर उंच असतो. तासभर एकाच बाकात बसलं की कण्याचे मागचे अस्थिबंध हळूहळू ताणून सैल होतात आणि स्नायू सावरायला उशीर करतात. चवथीच्या आदल्या दिवशी म्हापशाचा बाजार करून मी घरी आले, गाडीतून उतरले आणि लगेच डिकीत वाकून माटोळीच्या (गणपतीच्या वर बांधायच्या फळापानांच्या) सामानाची पिशवी, त्यात पाच-सहा नारळ, उचलली. चमक भरली ती अशी की चवथ मी पलंगावरून पाहिली. वर सांगितलेला दहा पटींचा आकडा आठवा आणि त्यात सैलावलेली कंबर मिळवा. आता उतरल्यावर आधी अंगणात दोन फेऱ्या मारते. सामान मुलगा काढतो, नाहीतर ते डिकीतच थांबतं.

दुसरी गाडी निवडताना मी विक्रेत्याला सांगितलं, टेस्ट ड्राइव्ह मला संध्याकाळी साडेपाचला हवी, दिवसभर वर्गात उभी राहून कंबर थकलेली असताना, आणि भोमच्याच रस्त्याने, चाळीस मिनिटं. तो बिचारा तयार झाला. तीन गाड्या तशा तपासल्या. एकीची सीट पहिल्या दहा मिनिटांत फारच मऊ आणि गोड, विसाव्या मिनिटाला बूड रुतून कंबर गोल झालेली. जी घेतली तिची सीट आधी कडक वाटली होती. तिला कंबरेचा खास आधार नाही. पट्टा बांधतो त्या उंचीवर मी पंच्याची गुंडाळी ठेवते, टेकू जरासा मागे, साधारण १०० ते ११० अंशांवर, आणि स्टिअरिंग इतकं जवळ की खांदे टेकूला टेकलेलेच राहावेत.

एमआरआयचा अहवाल हातात घेऊन गाडी चालवणंच सोडून देणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना मला २०१५चा एक मोठा आढावा दाखवावासा वाटतो. ज्यांचं काहीही दुखत नाही अशा तीन हजारांवर लोकांच्या तपासण्या त्यात होत्या. चकतीची झीज विशीतल्या ३७ टक्के लोकांत दिसली, ऐंशीतल्या ९६ टक्क्यांत. चित्रातली झीज आणि माणसाची वेदना यांचं गणित सरळ नाही. पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर मात्र एक तासही न दवडता इस्पितळ गाठायचं. एरवी हालचाल थांबवून फायदा होत नाही.

वेदना शेवटी मेंदूत घडते, आणि मेंदूकडे ती कमी करण्याची वाटही आहे. १९६९ मध्ये डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी उंदरांच्या मध्यमेंदूतला एक लहानसा भाग विजेने उद्दीपित केला, तेव्हा भूल न देता त्यांच्यावर शस्त्रक्रिया करता आली. तिथून खाली पाठीच्या कण्यापर्यंत जाणारे संदेश वेदनेची वाट अडवतात. भीती, काळजी यांनी ही यंत्रणा ढिली पडते. मन रमलं, सुरक्षित वाटलं की ती कामाला लागते. म्हणून आवडीने गाडी चालवणं ही चैन आहे असं मी मानत नाही.

रविवारी सकाळी रस्ते रिकामे असतात तेव्हा मी जुन्या गोव्याहून रायबंदरला उतरते आणि चोडणच्या फेरीबोटीवर गाडी चढवते. वीस-पंचवीस मिनिटं चालवून झालेली असतात, म्हणजे कंबर बोलायच्या आत. इंजिन बंद करून खाली उतरते, कठड्याला दोन्ही हात टेकते आणि पोट पुढे काढून कंबर मागे वाकवते, एकदा, दोनदा, पाचदा. बोट मांडवीच्या पाण्यावर सावकाश डोलत असते, माझ्या कंबरेच्या लयीपेक्षा किती तरी संथ. पलीकडे खारफुटीवर बगळे बसलेले. चोडणचा धक्का जवळ आला की आधी बूड टेकवते, मग दोन्ही पाय आत वळवते, पंचा सारखा करते आणि चावी फिरवते.